सॉफ्टशेल कासव म्हणजे कवच कडक व्हायचं राहून गेलेलं कासव का? सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात परत सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. खारघरच्या एका ताईंना मोठ्या पावसानंतर सोसायटीच्या मागच्या बाजूला एक कासव सापडलं, पाठ गुळगुळीत, ओल्या चामड्यासारखी, कडेला बोट लावलं तर जरा वाकणारी. मुलांनी बादलीत ठेवलं आणि संध्याकाळी जवळच्या तळ्यात सोडून दिलं. नंतर मुलीने नेटवर कासवांच्या उत्क्रांतीचा एक चार्ट शोधला, त्यात सॉफ्टशेलची फांदी बाकी बहुतेक कासवांपासून सगळ्यात आधी फुटलेली दिसली, म्हणून ताई विचारतायत की हे आदिम कासव आहे का, म्हणजे याच्या वेळी कवच अजून कडक व्हायचं होतं का. शिवाय समुद्रातल्या लेदरबॅकची पाठही चामड्यासारखीच असते, मग ते दोघं नातलग का. आणि भारतातल्या सॉफ्टशेलना एका पुस्तकात ट्रायोनिक्स, दुसऱ्यात ॲस्पिडेरेटिस, तिसऱ्यात निल्सोनिया अशी नावं आहेत, त्यातलं खरं कोणतं.

प्रश्न तीन दिसतात पण मला तो एकच वाटतो. पाठ मऊ आहे यावरून नातं किती कळतं, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर आहे की फार थोडं कळतं, आणि तेवढ्यावर भरवसा ठेवला की वर्गीकरण हमखास चुकतं. मी ठाण्यात बावीस वर्षं कॉलेजमध्ये झूऑलॉजी शिकवतोय आणि रेस्क्यूवाली पोरं रात्री-बेरात्री कासवांचे फोटो पाठवतात ते ओळखून देतो, त्यामुळे जे हाताखालून गेलंय त्याच्या आधाराने सांगतो.

तुम्ही पाहिलंत ते कोणतं, हे आधी. वरून काढलेल्या एकाच फोटोवर छातीठोक सांगता येत नाही, पण ठाणे-नवी मुंबईच्या तळ्यांत, मासुंदा असो, उपवन असो की तुमच्याकडची लहान डबकी, सॉफ्टशेल म्हणून जे सापडतं ते बहुतेक वेळा फ्लॅपशेलच असतं, लिसेमिस पंक्टाटा. पावसात ते पाणी सोडून चालायला लागतं आणि उन्हाळ्यात चिखलात गाडून घेतं, म्हणून जून-जुलैत रस्त्यावर आलं यात नवल नाही. ओळखायची खूण पोटाकडे असते, मागच्या पायांवर दोन झापडं, दाराला असावीत तशी. पाय आत ओढले की झापडं खाली येतात आणि पाय झाकले जातात. (लोकांनी तळ्यात सोडलेली, कानामागे लाल पट्टा असलेली स्लायडर कासवं वेगळी, ती अमेरिकेतली आणि कडक पाठीची, त्यांचा इथे संबंध नाही.) कडा किती वाकते हे वयावर आणि जातीवर अवलंबून आहे, फ्लॅपशेलचं पिल्लू बरंच लवचिक असतं, मोठ्ठं झालं की पाठ चांगली घट्ट लागते, आणि निल्सोनियाची, म्हणजे आपल्या नद्यांतल्या दुसऱ्या सॉफ्टशेलची, कडा मोठ्या वयातही नुसत्या मांसाच्या झालरीसारखी हलते.

ही झापडं फक्त ओळखीपुरती नाहीत, वर्गीकरणाचा पहिला मोठा फाटा तिथेच आहे. सॉफ्टशेलचं कुळ ट्रायोनिकिडी, त्याची दोन उपकुळं. झापडं असलेली सायक्लॅनॉर्बिनी, त्यात आपलं लिसेमिस आणि आफ्रिकेतले सायक्लॅनॉर्बिस आणि सायक्लोडर्मा. बाकी सगळी ट्रायोनिकिनी, त्यात निल्सोनिया, चित्रा, पेलोकेलिस, अमायडा, चीनचं पेलोडिस्कस, अमेरिकेतलं अपॅलोन वगैरे. झापडं हा त्यातला सहज दिसणारा भाग झाला, हाडांतला फरक त्याहून पक्का आहे, सायक्लॅनॉर्बिनीत पोटाकडच्या कवचाची मधली दोन हाडं अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच जोडून एक होतात, ट्रायोनिकिनीत ती आयुष्यभर वेगळी राहतात. म्हणजे खारघरच्या तुमच्या कासवाची सगळ्यात जवळची भावकी आज आफ्रिकेतल्या नद्यांत आहे, आणि गंगेतलं मोठं सॉफ्टशेल शेजारी राहत असूनही लांबचं पडतं.

कुळाचं नाव नखांवरून आलंय. ट्रायोनिक्स म्हणजे तीन नखांचा. बोटं पाच असतात पण प्रत्येक पायाला नखं तीनच बाहेर येतात, चार पायांची मिळून बारा. मी हे मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडे 'वीस नखांचं कासव' घरात ठेवलं की पैसा येतो असं सांगून लोकांना फसवणाऱ्या टोळ्या आहेत आणि त्यांच्या पिशव्यांतून निघालेली कासवं माझ्यासमोर आली आहेत, तोंडं सुजलेली, अशक्त झालेली. फ्लॅपशेलला वीस नखं असूच शकत नाहीत, आणि ज्याला असतील त्याच्यामुळेही कोणाच्या घरी पैसा येत नाही, त्या जनावराचा जीव मात्र जातो.

आता कवच. घोडबंदर रोडवर गाडीचा धक्का लागलेलं एक फ्लॅपशेल मध्यंतरी आलं होतं, डॉक्टर मित्राने त्याचा एक्सरे काढला, आणि ती फिल्म मी अजून वर्गात दाखवतो कारण अर्ध्या तासाचं लेक्चर त्यात एका नजरेत होतं. मुलांना वाटतं मऊ पाठ म्हणजे आत हाड नाही. फिल्ममध्ये मधोमध हाडाची भक्कम तबकडी दिसते, बरगड्या पसरट होऊन एकमेकींना चिकटलेल्या, बाकीच्या कासवांसारख्याच. नसतात त्या दोन गोष्टी. एक, वरचे खवले, म्हणजे नखाच्या जातीच्या पदार्थाचे ते तुकडे ज्यांच्यामुळे देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवाच्या पाठीवर चौकटी कोरलेल्या असतात. दुसरी, तबकडीच्या भोवती गोल फिरणारी काठाची हाडं. खवल्यांच्या जागी कातडी, काठाच्या हाडांच्या जागी कूर्चा आणि मांस.

यातलं आधी काय होतं, कडक की मऊ, हे अंदाजाने सांगायची गरज नाही कारण जीवाश्म आहेत. जर्मनीत सापडलेलं प्रोगॅनोकेलिस सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वीचं, त्याची पाठ पूर्ण हाडाची आणि वर खवले. त्याच्याही आधीचं, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचं चीनचं ओडोंटोकेलिस २००८ मध्ये प्रसिद्ध झालं, त्याला पोटाचं कवच पूर्ण आणि पाठीचं अपुरं. हे ऐकलं की लगेच कोणीतरी म्हणतं बघा, अपुऱ्या पाठीचं कासव होतंच की, सॉफ्टशेल तसंच असणार. तसं नाही. ओडोंटोकेलिसमध्ये बरगड्या अजून जोडलेल्याच नव्हत्या, सॉफ्टशेलमध्ये त्या पूर्ण जोडून तबकडी झालेली आहे, त्याच्या पूर्वजांनी पूर्ण कवच केलं आणि नंतर त्यातला काही भाग टाकून दिला. भ्रूणातही हेच दिसतं, बाकीच्या कासवांच्या भ्रूणात खवल्यांच्या जागी आधी बारीक जाड ठिपके उठतात, पेलोडिस्कसच्या भ्रूणात ते ठिपकेच उठत नाहीत, म्हणजे तो कार्यक्रम सुरू होण्याच्या जागीच थांबलाय.

टाकून का दिला, तर पाण्याच्या तळाशी राहणाऱ्याला त्यात फायदा आहे असं मला तरी पटतं. चपटं हलकं शरीर वाळूत पटकन गाडून घेता येतं, सोंडेसारखं नाक आणि लांब मान नळीसारखी वर काढून श्वास घेता येतो, आणि उघड्या कातडीतून आणि घशातल्या बारीक झालरींतून पाण्यातला ऑक्सिजनही थोडा घेता येतो. पेलोडिस्कसवर २०१२ मध्ये काम झालं होतं, त्यात दिसलं की ते शरीरातला बराचसा युरिया लघवीपेक्षा तोंडावाटे पाण्यात सोडतं. एवढं खास शरीर असलेल्या जनावराला आदिम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग चार्टमध्ये फांदी सगळ्यात आधी का फुटते? इथे मी वर्गात वंशावळ काढून दाखवतो. समजा मुरबाडच्या एका घरात दोन भाऊ होते. थोरला ठाण्याला येऊन राहिला, धाकटा गावात. थोरल्या पातीत आज एक-दोन घरं, धाकट्या पातीची पुढे वाढून वीस घरं झाली. वंशावळीच्या कागदावर थोरल्याची रेघ पहिलीच बाजूला जाते आणि धाकट्याची पुढे फुटत फुटत जाते. पण आजचा ठाण्यातला पणतू आणि गावातला पणतू पणजोबांपासून सारख्याच अंतरावर आहेत, ठाण्यातला काही जास्त जुना होत नाही, आणि ठाण्यातला फ्लॅटमध्ये राहतो म्हणून पणजोबाही फ्लॅटमध्ये राहायचे असं कोणी म्हणणार नाही. सॉफ्टशेलचं नेमकं तसंच. त्यांची पाती लवकर वेगळी झाली एवढंच चार्ट सांगतो, वेगळं झाल्यावर त्यांनी काय काय बदललं ते चार्टच्या रेघेत लिहिलेलं नसतं.

आणि ही पाती कुठे जोडायची यावर बरीच वर्षं वाद होता, तोही सांगायला हवा. आजची सगळी कासवं दोन मोठ्या गटांत येतात, मान बाजूला दुमडणारी प्लुरोडायरा आणि मान सरळ आत ओढणारी क्रिप्टोडायरा. सॉफ्टशेल क्रिप्टोडायरात, यावर भांडण नाही. पण क्रिप्टोडायराच्या आत, हाडांवर काम करणाऱ्यांनी, म्हणजे १९७० आणि ८० च्या दशकातल्या गॅफ्नी, मेलन यांच्या मांडणीत, सॉफ्टशेलना अमेरिकेतल्या मड टर्टलच्या कुळाबरोबर बसवलं होतं. त्यालाही कारण होतं, दोघांच्यात कवचाची हाडं आणि खवले कमी करण्याकडे कल आहे. १९९० च्या दशकानंतर डीएनए वाचायला लागले तेव्हा मड टर्टल तिथून उठून स्नॅपिंग टर्टलच्या शेजारी गेलं, आणि सॉफ्टशेल त्यांच्या एका जवळच्या भावाबरोबर बाकी सगळ्या क्रिप्टोडायराच्या बाहेर, पहिल्या फाट्यावर आलं. म्हणजे मुलीने पाहिलेला चार्ट डीएनएवरचा आणि बरोबर आहे.

मला स्वतःला डीएनएच्या बाजूचं पटायला मदत झाली ती गुणसूत्रांची. सॉफ्टशेलमध्ये गुणसूत्रं ६६ च्या आसपास असतात. मड टर्टलमध्ये ५६, समुद्री कासवांत ५६, आपल्याकडच्या जमिनीवरच्या कासवांच्या कुळात ५२. ही माहिती हाडांवर वाद चालू होता तेव्हाही होती, पण वर्गीकरण ठरवताना हाडांना जास्त वजन दिलं गेलं. कमी होणं, गळून जाणं हे गुण वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या वेळी होऊ शकतात, म्हणून नातं ठरवताना त्यांच्यावर कमी विसंबावं, असं मी बावीस वर्षांत शिकलोय.

तो जवळचा भाऊ म्हणजे पिग-नोज टर्टल, कॅरेटोकेलिस इन्स्कल्प्टा, न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियात राहतं, रॅम्से यांनी १८८६ मध्ये फ्लाय नदीतल्या नमुन्यावरून नाव दिलं. त्याच्या कुळात आज तेवढं एकच शिल्लक आहे. गुणसूत्रं ६८, म्हणजे सॉफ्टशेलच्या शेजारीच. नाक डुकरासारखं पुढे आलेलं, पाय समुद्री कासवासारखे वल्ह्याचे, प्रत्येक पायाला दोन नखं, पाठीवर खवले नाहीत, नुसती कातडी, पण कातडीखाली हाडाचं कवच काठासकट पूर्ण. बघितलं की वाटतं पायऱ्या जमल्या, आधी खवले गेले म्हणजे पिग-नोज, मग काठही गेला म्हणजे सॉफ्टशेल. मीही सुरुवातीची काही वर्षं वर्गात असंच शिकवलं आणि ते चुकीचं होतं. कारण पिग-नोजच्याच बाजूच्या क्रेटेशियस काळातल्या, म्हणजे डायनासोर असतानाच्या, जुन्या जीवाश्मांच्या कवचावर खवल्यांच्या खाचा दिसतात. म्हणजे वेगळं झाल्यावरही त्या घरात खवले होते आणि ते त्यांनी त्यांच्या बाजूला हळूहळू घालवले, सॉफ्टशेलनी त्यांच्या बाजूला घालवले. सख्ख्या भावांच्या घरातही मऊपणा स्वतंत्र आला. या पिग-नोजच्या कुळातल्या एका जुन्या कासवाचं, अलायोकेलिसचं, जर्मनीतल्या मेसेलच्या खडकांत सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वी जोडी जमलेल्या अवस्थेत जीवाश्म झालंय, एक नाही, अशा कित्येक जोड्या, पाण्याच्या खालच्या विषारी थरात बुडत गेल्या असं अभ्यासक म्हणतात. तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो.

नात्यात आणखी एक फरक आहे जो मुलांना फार आवडतो. वेळासला ऑलिव्ह रिडलेची घरटी बघायला गेला असाल तर ऐकलं असेल की पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, ऊब जास्त तर माद्या जास्त. पिग-नोजमध्येही तापमानावरच ठरतं. सॉफ्टशेलमध्ये मात्र पक्ष्यांसारखी झेड आणि डब्ल्यू गुणसूत्रं असतात आणि मादी झेडडब्ल्यू, वेगवेगळ्या जीनसमध्ये (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) तपासलं तरी तीच पद्धत सापडते. म्हणजे ती या कुळात खूप जुनी आहे, पण भावापासून वेगळं झाल्यानंतरची आहे.

फ्लॅपशेलच्या त्या एक्सरेकडे परत येतो कारण त्यात एक गोष्ट मी सांगायची ठेवली. वर म्हटलं की सॉफ्टशेलना काठाची हाडं नसतात, पण त्या फिल्ममध्ये मागच्या काठाला हाडाच्या लहान लहान सुट्या चकत्यांची ओळ दिसते. सगळ्या सॉफ्टशेलमध्ये ही फक्त लिसेमिसमध्ये आहे. जुनी राहिलेली की नव्याने आलेली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझं मत नव्याने आलेली असंच आहे, कारण त्याच्या आफ्रिकेतल्या भावकीत ती नाहीत, दुसऱ्या उपकुळात नाहीत, आणि ती जुनी मानली तर बाकी सगळ्यांनी वेगवेगळी घालवली असं मानावं लागतं. शिवाय या चकत्या तबकडीला सांध्याने जोडलेल्या नसतात, कातडीत सुट्या बसलेल्या असतात.

लेदरबॅकचं थोडक्यात. नातं नाही, म्हणजे कासव-कासव म्हणून आहे तेवढंच. लेदरबॅक म्हणजे डर्मोकेलिस हे समुद्री कासवांच्याच घरातलं, ऑलिव्ह रिडलेचं जवळचं. त्याच्या कातडीखाली हाडाचे हजारो बारीक तुकडे फरशीच्या मोझॅकसारखे असतात, सॉफ्टशेलमध्ये असली रचनाच नाही, तिथे बरगड्यांची तबकडी असते. वरून दोघांची पाठ चामडी, आत उघडलं की दोन वेगळी बांधकामं. आपल्याकडे लेदरबॅक अंडी घालायला अंदमान-निकोबारला येतं.

नावांचा गोंधळ आता. आमच्या लॅबमध्ये एक जुनी बरणी आहे, शाईने लिहिलेलं लेबल, ट्रायोनिक्स गँजेटिकस. दरवर्षी कोणीतरी विचारतं सर हे चुकीचं आहे का, पुस्तकात निल्सोनिया गँजेटिका आहे. लिहिलं तेव्हा बरोबर होतं. जॉफ्रॉय सेंट-हिलेर यांनी १८०९ मध्ये ट्रायोनिक्स हे जीनस केलं आणि पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ जगातलं जवळजवळ प्रत्येक सॉफ्टशेल आणि त्याच्या जीवाश्माचा प्रत्येक तुकडा त्याच पेटीत टाकला गेला. तुकड्यांचं कारण असं की यांच्या हाडावर खळग्या-खळग्यांची नक्षी असते, बोटाएवढा तुकडा सापडला तरी सॉफ्टशेल आहे हे लगेच कळतं पण कोणतं हे कळत नाही, मग लिहा ट्रायोनिक्स. १९८७ मध्ये मेलन यांनी हाडं नीट तपासून ती पेटी उपसली, ट्रायोनिक्स हे नाव आफ्रिका आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व बाजूच्या एकाच जिवंत जातीपुरतं ठेवलं, ट्रायोनिक्स ट्रायुंग्विस, आणि बाकीच्यांना वेगवेगळी जीनस दिली, भारतातल्यांना ॲस्पिडेरेटिस. पुढे २००४ मध्ये एंगस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी डीएनए आणि हाडं एकत्र घेऊन सगळ्या कुळाचं झाड काढलं, आणि २००७ मध्ये प्राशाग यांच्या गटाने दाखवलं की भारतातली ॲस्पिडेरेटिस आणि म्यानमारचं निल्सोनिया ही इतकी जवळची आहेत की दोन जीनस ठेवायची गरज नाही. निल्सोनिया नाव आधीचं, नियमाने ते राहिलं. तुमची तीन पुस्तकं बहुधा या तीन काळांतली आहेत, तिन्ही आपापल्या वेळी बरोबर. आज लिहायचं झालं तर निल्सोनिया लिहा.

याच जीनसमधलं आपलं महाराष्ट्राच्या नद्यांतलं निल्सोनिया लीथी, ग्रे यांनी १८७२ मध्ये नाव दिलं, मुंबईत असलेल्या डॉक्टर लीथ यांच्यावरून, आणि मूळ नमुन्याची जागा पूना लिहिलेली आहे. भारतीय द्वीपकल्पाच्या नद्यांबाहेर ते कुठेच नाही, आययूसीएन या जागतिक संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत ते आता अतिसंकटग्रस्त आहे आणि २०२२ च्या पनामातल्या साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) बैठकीत भारताच्या प्रस्तावावरून त्याला परिशिष्ट एक, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण, मिळालं. नाव आणि नातं नीट ठरलेलं असणं किती महत्त्वाचं आहे याचं याच घरातलं उदाहरण काळ्या सॉफ्टशेलचं, निल्सोनिया निग्रिकन्स. बरीच वर्षं ते फक्त चितगावच्या बायझीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यात उरलंय असं मानत होते, २००२ मध्ये यादीत जंगलातून नामशेष म्हणून गेलं, नंतर आसामच्या ब्रह्मपुत्रेच्या भागात आणि तिथल्या देवळांच्या तळ्यांत सापडलं, आणि डीएनएने ते वेगळी जात असल्याचं पक्कं केलं. शेजारच्या जातीचाच काळा रंग म्हणून सोडून दिलं असतं तर त्याच्यासाठी कोणी धडपडलं नसतं.

आता ही मंडळी आली कुठून. जुने जीवाश्म आशियातले आहेत, जपान, किरगिझस्तान, चीन, सगळे क्रेटेशियसच्या सुरुवातीच्या भागातले. चीनच्या लियाओनिंगमधलं पेरोकेलिस, २०१५ मध्ये नाव दिलेलं, सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचं, आणि त्याचा सांगाडा इतका पूर्ण आहे की आजचं सॉफ्टशेल शेजारी ठेवलं तर आकारात फार फरक वाटत नाही. आशियातून ती उत्तर अमेरिकेत गेली, डायनासोरच्या शेवटच्या काळात तिथे भरपूर होती, आणि डायनासोर गेले तेव्हा ही तगली.

इथे आपल्या पायाखालचा दगड कामाला येतो. पारसिकचा डोंगर, येऊर, खारघरच्या टेकड्या, सगळा दख्खनचा काळा बसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आणि त्यानंतर थरावर थर ओतलेला लाव्हा. दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांचा गाळ मुंबईत सापडतो, आणि त्या गाळातून निघालेल्या एका कासवाला २००३ मध्ये संकुकेमिस सेठनाय असं नाव मिळालं. ते सॉफ्टशेल नाही. ते मान बाजूला दुमडणाऱ्या प्लुरोडायरा गटातलं, तेव्हा भारत दक्षिणेकडच्या भूखंडांतून सुटून एकटा बेटासारखा वर सरकत होता त्या काळातलं. आज भारतात त्या गटाचं एकही देशी कासव उरलेलं नाही. भारत आशियाच्या जवळ आल्यावर इओसीन काळात, म्हणजे डायनासोर गेल्यानंतरच्या काळात, पाकिस्तानातल्या तेव्हाच्या समुद्रकिनारी साचलेल्या खडकांत ड्राझिंडेरेटिससारखी मोठाली सॉफ्टशेल दिसायला लागतात. म्हणजे आपल्या तळ्यांतली जुनी कासवं गेली आणि आशियाच्या बाजूची राहिली. खारघरच्या डबक्यातलं तुमचं फ्लॅपशेल ज्या दगडावर बसलं होतं, तो दगड तयार होत असताना इथे दुसऱ्याच कासवांचा वावर होता.

पसरण्याची खूण आजच्या जातींतही राहिलीय. अमेरिकेतल्या अपॅलोनची सगळ्यात जवळची भावकी कोण, तर राफेटस, आणि राफेटसच्या दोनच जाती, एक तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यात, दुसरी चीन-व्हिएतनाममधली. फ्लोरिडा, इराक आणि हनोई, मधली सगळी साखळी तुटून गेलेली. ती हनोईची जात, राफेटस स्विनहोई, आज जवळजवळ संपल्यात जमा आहे, होआन किएम तळ्यातलं प्रसिद्ध कासव जानेवारी २०१६ मध्ये गेलं, चीनमधली शेवटची माहीत असलेली मादी एप्रिल २०१९ मध्ये सुझोऊच्या प्राणिसंग्रहालयात गेली. १२ कोटी वर्षांत उल्कापात आणि बर्फयुगं पचवलेलं घराणं आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर रिकामं होतंय, आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

एकूण जाती किती असं कोणी विचारलं तर मी तीसच्या वर एवढंच सांगतो, कारण आकडा कोणाला वेगळं मानता यावर ठरतो. पेलोडिस्कस पूर्वी एकच मानत होते, २०१९ पासून पुढच्या काही वर्षांतच त्यातून नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या. आपल्या लिसेमिसमध्येही श्रीलंकेचं आणि म्यानमारचं आता वेगवेगळ्या जाती धरतात. शाळेच्या प्रोजेक्टला मुलीला हवं असेल तर दोन उपकुळं आणि पिग-नोज एवढं झाड काढलं तरी पुरे, जातींची यादी दोन वर्षांत जुनी होईल.

जवळच्या तळ्यात सोडलंत ते ठीक केलंत, लांबच्या मोठ्या तलावात नेऊन सोडण्यापेक्षा हे बरं. फ्लॅपशेल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे घरी ठेवायचं नाही, एक रात्रसुद्धा नाही. जखमी दिसलं तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. पुढच्या पावसात परत दिसलं तर मागच्या बाजूने दोन्ही हातांनी धरा, मान लांब असते आणि चावा जोरात बसतो, पोटाकडून एक फोटो घ्या झापडं दिसतील असा, एक पुढच्या पायाचा नखं मोजता येतील असा, आणि मला इथेच पाठवा, मी बघून सांगतो.